गाजलेल्या गाण्याच्या चालीवर अभंग बसवताना: अक्षरं, ठेका, पट्टी आणि कुठं थांबायचं

पेठकरी

नवरात्र तोंडावर आलंय. पेठापेठांतली भजनी मंडळं आता नव्या चाली बसवायला घेतील. त्यांतल्या निम्म्या तरी सिनेमातल्या, भावगीतांतल्या नाहीतर मोबाइलवर गाजलेल्या गाण्यांच्या असतील. देवळात अशी चाल चालावी की नको, यावर आपल्याकडं दरवर्षी जोरात बोललं जातं. चाल घ्यायचीच ठरली तर ती नीट कशी बसवायची, यावर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. चाल कुठून आली याला फार महत्त्व नाही, ती चाल घेतल्यावर संतांचा शब्द अख्खा राहतो का, याला आहे. शब्द मोडला तर चाल काकड्याची असली तरी वाया, आणि शब्द शाबूत राहिला तर चाल कुठलीही असो, ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात.

सुरुवात अक्षरांपासून करावी. मोठ्या अभंगाच्या ओवीत चार चरण, अक्षरं 6-6-6-4, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. उदाहरण सगळ्यांच्या तोंडचं: सुंदर ते ध्यान (6) उभे विटेवरी (6) कर कटावरी (6) ठेवोनिया (4). लहान अभंगात दोन चरण, 8-8: जे का रंजले गांजले (8) त्यासी म्हणे जो आपुले (8). आधी अभंग निवडा, कागदावर अक्षरं मोजा, मग चाल शोधा. आपल्याकडं उलटं होतं. चाल आवडते, मग तिच्यात बसेल तो अभंग शोधला जातो, आणि बसत नाही तिथं "हो", "गं", "रे", "माझ्या" अशी पाचर मारली जाते.

आपला अभंग अक्षरं मोजतो आणि हिंदी गाणं बहुतेक वेळा मात्रा (अक्षराला लागणारा वेळ) मोजतं, ही खरी अडचण. अभंगात लघु-गुरूचं (आखूड-लांब अक्षराचं) बंधन नाही. गाण्याच्या चालीत मात्र लांब स्वराची जागा ठरलेली असते, आणि त्या जागेवर आपलं लघु अक्षर आलं की अर्थ बदलतो. "कर कटावरी" मधल्या पहिल्या "क"वर लांब स्वर पडला तर "कार कटावरी" ऐकू येतं. विठ्ठलाचा हात गेला आणि कंबरेवर कार आली. चाल पक्की करण्याआधी अशी प्रत्येक जागा तपासावी लागते.

जाणकारांनी आपापल्या वाद्याचं, आपापल्या बाजूचं लिहावं.

गाथेचं पान

पेठकरी माउली, अक्षरांचं पटलं. पण चाल कुठून आली याला महत्त्व नाही, हे पटलं नाही. त्यावर शेवटी बोलतो. आधी शब्दांबद्दल तीन गोष्टी.

पहिली, ध्रुवपद. गाथेत "सुंदर ते ध्यान"चं ध्रुवपद पहिली ओवी नाही, "तुळसीहार गळां कासे पीतांबर" ही ओवी आहे. "ध्रु" तिच्यापुढं छापलेला असतो. वारकरी गाताना दर कडव्यानंतर तिथं येतात. सुगम गायनात पहिलीच ओळ मुखडा करतात आणि तीच पुन्हा पुन्हा घेतात. ऐकायला गोड वाटतं, पण तुकोबांनी जिथं परत यायला सांगितलं ती जागा सुटते. चाल बसवताना मुखड्याची चाल ध्रुवपदाला द्या आणि पहिली ओवी सुरुवातीला संथ, ठेक्याशिवाय म्हणा. चालही टिकते आणि गाथाही.

दुसरी, कडवी गाळणं. सिनेमाच्या गाण्याला बहुधा दोन-तीन अंतरे असतात. अभंग पाच ओव्यांचा असला की मधल्या दोन सरळ उडवतात. वेळ कमी असेल तर लहान अभंग घ्या, पण मोठा कापू नका. आणि शेवटची मुद्रा, म्हणजे संताच्या नावाची ओवी, कधीच गाळू नका. "तुका म्हणे माझे हेचि सर्व सुख, पाहीन श्रीमुख आवडीने" हे म्हटल्याशिवाय अभंग पुरा होत नाही. अंतऱ्याची चाल वर चढून थांबत असेल तर मुद्रेसाठी ती खाली उतरवून घ्या, म्हणजे "आवडीने" षड्जावर (सा वर) विसावेल.

तिसरी, भरीचे शब्द. पेठकरींनी लिहिलंच आहे. एकच भर घालतो. नामाचा भरणा चालतो. ओळ कमी पडली तर "विठ्ठल विठ्ठल" घ्या, "जय जय रामकृष्णहरी" घ्या. "सजनी", "साजणा" घालू नका.

आता मूळ प्रश्न. चालीला तिची स्वतःची आठवण असते. लग्नाच्या वरातीत वाजलेली चाल गाभाऱ्यासमोर वाजली की ऐकणाऱ्याच्या मनात वरातच उभी राहते. शब्द अख्खा राहिला तरी मन तिथं राहत नाही. म्हणून मी चालीचं मूळ विचारतो.

चाल मूळची

गाथेचं पान यांच्या मुद्द्याचा मान राखून दुसरी बाजू मांडते.

एकनाथांनी (1533 ते 1599) जोगवा, गोंधळ, वासुदेव, जोशी हे सगळं दारोदार फिरणाऱ्या लोकांच्या तोंडून उचललं. त्या काळचं ते लोकप्रिय संगीतच. नवरात्रात आपण अंबाबाईपुढं म्हणतो तो "अनादि निर्गुण प्रगटली भवानी" हा जोगवा नाथांचा. परडी घेऊन मागणाऱ्यांचा साचा घेतला आणि आत "मोह महिषासुर" भरला.

पुढं शाहिरांकडं या. "घनश्याम सुंदरा श्रीधरा" ही भूपाळी होनाजी बाळा यांची, म्हणजे लावणी गाजवणाऱ्या फडाची. 1951 साली ती शांताराम बापूंच्या 'अमर भूपाळी'त आली, वसंत देसाईंच्या संगीतानं घरोघरी गेली आणि आजही पहाटे देवळात लागते. लावणीवाल्यांकडून भूपाळी, भूपाळीतून सिनेमा, सिनेमातून पुन्हा देऊळ. राम जोशींनीही लावणी आणि "हटातटाने पटा रंगवुनि"सारखा उपदेश एकाच लेखणीनं लिहिला.

उलटा प्रवास तर त्याहून नवलाचा. 'प्रभात' कंपनी 1929 साली आपल्या कोल्हापुरात सुरू झाली, 1933 साली पुण्याला गेली. 1936 च्या 'संत तुकाराम'मधलं "आधी बीज एकले" हे शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गीत. विष्णुपंत पागनीसांनी ते असं गायलं की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून भजनात म्हणू लागले. गाथेत ते सापडणार नाही. हे सांगायचं कारण असं की भजनात घ्यायचं तर जरूर घ्या, पण "अभंग तुकाराम महाराजांचा" असं माइकवर सांगू नका.

नाटकाच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल:" लिहून कुठल्या गाण्यावर ते बांधलंय ते छापलेलं असायचं. आरतीसंग्रहांतही ही पद्धत आहे. त्या काळी यात कुणी लपवाछपवी केली नाही. आपले गोविंदराव टेंबे 'मानापमान' (1911) च्या चाली देताना हिंदुस्थानी बैठकीतलं घेऊन आले. त्या पदांच्या चालींवर पुढं कितीतरी मंडळांनी अभंग म्हटले. तेव्हा चालीला आठवण असते हे खरं, पण ती आठवण पुसताही येते आणि बदलताही येते. ती कशी पुसायची, हा कसबाचा प्रश्न आहे.

त्यासाठी एक सोपी युक्ती. गाण्याचा मुखडा सोडा, अंतऱ्याची चाल घ्या. लोकांना मुखडा शब्दांसकट पाठ असतो, अंतरा नुसता सुरांतून ओळखीचा वाटतो. निवडलेली चाल शब्दांशिवाय, नुसत्या आकारात, मंडळाबाहेरच्या चार-पाच जणांना ऐकवा. पहिल्या ओळीतच मूळ शब्द त्यांच्या तोंडी आले तर ती चाल गाभाऱ्यासमोर घेऊ नका. "कुठंतरी ऐकलंय" एवढंच म्हणाले तर घ्या.

गाथेचं पान

ताई, अंतऱ्याची युक्ती मान्य. नाथांचा दाखला मात्र अर्धा मान्य. नाथांनी साचा घेतला तेव्हा त्या साच्यात आधीपासून देवी होतीच. परडीतला जोगवा देवीच्या नावानंच मागितला जायचा. वरातीच्या गाण्यात ती नसते.

पेटी आणि भाता

पट्टीवर, म्हणजे पेटीवर सा कुठं धरायचा यावर लिहिते. ध्वनिमुद्रित गाणं उचलताना सगळ्यांत जास्त घोळ इथं होतो, विशेषतः स्त्री-पुरुष एकत्र गातात त्या मंडळांत.

नेहमीची पद्धत अशी: पुरुष काळी 1 किंवा काळी 2, बायका काळी 4 किंवा काळी 5 (काळी-पांढरी म्हणजे पेटीच्या पट्ट्या, आकडा सप्तकातला त्यांचा क्रम). एकत्र आले की ओढाताण होते. पुरुषांची पट्टी धरली तर बायका तार सप्तकात किंचाळतात, बायकांची धरली तर पुरुष अर्ध्या ओळीत खाली बुडतात किंवा मध्येच सप्तक बदलतात. मग ओळ मोडते आणि शब्दही.

पट्टी "सा"वरून ठरवू नका, चालीतल्या सगळ्यांत खालच्या स्वरावरून ठरवा. तो स्वर पेटीवर काळी 5 ते काळी 1 यांच्या दरम्यान पडला पाहिजे. पुरुष तिथून वर एक सप्तक जातील, बायका तेच एक सप्तक वरून म्हणतील. दोघांनाही सोसतं. म्हणजे असं:

चाल मध्य सा ते तार सा यांत फिरत असेल तर सा पांढरी 1.
चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) प पासून मध्य प पर्यंत फिरत असेल तर सा पांढरी 4. मंद्र प मग पांढरी 1 वर येतो.

सिनेमाच्या गाण्यात पट्टा याहून मोठा असतो, कारण ते एका कसलेल्या गळ्यासाठी बांधलेलं असतं. समूहासाठी एक सप्तक, फार तर वर एखाद-दुसरा स्वर, एवढाच पट्टा धरा. अंतऱ्यात तार गंधार-मध्यमापर्यंत चाल गेली असेल तर तो तुकडा मुख्य गायकाला एकट्याला द्या, झीलकऱ्यांनी (मागून साथ गाणाऱ्यांनी) खालून ध्रुवपद धरावं. सगळ्यांनी मिळून ते वरचं टोक गाठायचा हट्ट धरला की सूर बेताल चढतो आणि पेटी खाली राहते.

चाल उचलताना मुखडा जिथं विसावतो तो स्वर आधी पेटीवर शोधा, बहुतेक गाण्यांत तोच सा. जुन्या मुद्रणांत तो दोन पट्ट्यांच्या मध्येच लागतो, कारण तबकडी किंवा फीत फिरवताना वेग थोडा कमी-जास्त झालेला असतो. मुद्रण लावून त्यावर पेटी वाजवत बसू नका. कानानं चाल घ्या, मुद्रण बंद करा, आपल्या पट्टीत बसवा.

तयार वाद्यमेळाचा ट्रॅक लावून त्यावर अभंग म्हणायची पद्धत वाढलीय. ती टाळावी असं मला मनापासून वाटतं. ट्रॅकला ध्रुवपद किती वेळा घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. भजनात रंग भरला की ध्रुवपद आठ वेळाही होतं आणि मुख्य गायक हात वर करेपर्यंत चालू राहतं. ट्रॅक त्या हाताकडं बघत नाही.

मधल्या वाद्यांच्या तुकड्याचं काय करायचं, असं विचारतात. मूळ गाण्यात तिथं व्हायोलिनचा ताफा असतो. पेटीवर त्याची नक्कल करू नका, ऐकणाऱ्याला मूळ गाणं नेमकं तिथंच आठवतं. त्या जागी ठेक्याची चार आवर्तनं (फेऱ्या) नामघोष घ्या.

धुमेवरचा हात

पेटीवाल्या ताईंनी पांढरी 1 आणि पांढरी 4 सांगितलं, ते पखवाजवाल्याच्या लई सोयीचं हाय. शाईचं पान, म्हंजे पखवाजाचं (मृदंगाचं) उजवं तोंड, पांढरी 1 ला लावून ठेवा. सा पांढरी 1 असताना ते षड्जात बोलतंय, सा पांढरी 4 ला गेला की तेच पान पंचमात बोलतंय. भजनात मध्ये उठून गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसायची गरज न्हाई. दोन पट्ट्या, एकच मृदंग.

धुमेची (डाव्या तोंडाची) कणीक: गव्हाचं पीठ चपातीपेक्षा सैल मळायचं, मूठभर पुरतं. पानाच्या मध्यावर गोल थापायचं, कडेला पातळ, मध्ये जाड. धूम खालच्या सा ला किंवा प ला येईपर्यंत चिमूट चिमूट वाढवा. जास्त झाली की आवाज नुसता भदभद येतो, बोल उमटत न्हाई. कमी झाली की धूम ठणठणते. दोन तासांच्या भजनात कणीक सुकते आणि आवाज वर चढायला लागतो, म्हणून वाटीत पाणी ठेवा, मधूनमधून बोट ओलं करून फिरवा. भजन झालं की लगेच काढा आणि पान कोरड्या फडक्यानं पुसा. तशीच ठेवली तर कडक होऊन पान ओढते, उंदीर-झुरळं लागतात ते वेगळंच. आपल्याकडं श्रावण-भादव्यात हवा ओली असते, कातडं सैल पडतं. वाजवायच्या अर्धा तास आधी मृदंग मंडपात आणून ठेवा, हवेशी जुळू दे, मग लावा. घरात लावून आणलेला मृदंग देवळात उतरलेला असतो.

आता ठेका. सिनेमाच्या गाण्यात ढोलक आणि तबल्याच्या बारीक लग्ग्या (जलद बोल) भरलेल्या असतात. पखवाजाचा बोल खुला, त्याची आस (घुमत राहणं) लांब. त्याच लग्ग्या मृदंगावर उतरवल्या की एकमेकांत मिसळून गलका होतो आणि शब्द बुडतो. साधा नियम सांगतो: मूळ गाण्यात जेवढे ठोके हायत त्याच्या निम्मे वाजवा. समेवर (पहिल्या मात्रेवर) धूम भरून, खालीच्या जागी (केरव्यात पाचवी, दादऱ्यात चौथी मात्रा) धूम मोकळी सोडून. लग्गी वाजवायचीच तर ध्रुवपदाच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत. गौळण, भारूड असेल तर ढोलकी घ्या, तिला ते शोभतं.

केरवा आठ मात्रांचा (धा गे ना ती, न क धि न), दादरा सहाचा (धा धी ना, धा ती ना). लहान अभंगाला केरवा जवळचा, मोठ्याला दादराही चालतो. पण जवळचा म्हंजे आपोआप बसतो असं न्हाई. "जे का रंजले गांजले" आठ अक्षरं, केरवा आठ मात्रा, म्हणून एकेक अक्षर एकेका मात्रेवर टाकलं तर काय होतं बघा: जे का रं ज, ले गां ज ले. पाचव्या मात्रेवर "ले" आला. "रंजले" मधोमध तुटला.

त्यापेक्षा असं घ्या. "जेका" दोन्ही अक्षरं मिळून आधीच्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर. समेवर "रं", दोनवर "ज", तीन-चार "ले" लांबवून, पाचवर "गां", सहावर "ज", सातवर "ले". आठव्यावर "त्यासी", पुढच्या समेवर "म्ह", दोनवर "णे", तीन-चार "जो", पाचवर "आ", सहावर "पु", सात-आठ "ले". समेवर "रंजले" आणि "म्हणे", खालीवर "गांजले" आणि "आपुले". एकही शब्द तुटत न्हाई. गाण्याची चाल आठव्या मात्रेवरून उठणारी असेल तर हा अभंग तिच्यात हातमोज्यासारखा बसतो. समेवरून उठणारी असेल तर दुसरा अभंग बघा.

पेठकरी

अण्णा, हे तर वहीत उतरवून ठेवण्यासारखं. "सुंदर ते ध्यान" दादऱ्यात असंच मांडून दाखवाल का? "उभे विटेवरी"ला तिथं अडखळायला होतं.

धुमेवरचा हात

अडखळणारच. उ भे वि, टे व री असं तीन-तीन पडलं की चौथ्या मात्रेवर "टे" येतो आणि वीट फुटते.

पहिला चरण सरळ: सुं द र, ते ध्या न. दुसऱ्यात एकवर "उ", दोन-तीन "भे", चारवर "वि", पाचवर "टे", सहावर "वरी" जोडून. तिसरा त्याच घाटाचा: एकवर "क", दोनवर "र", तिसरी मोकळी, चारवर "क", पाचवर "टा", सहावर "वरी". यमक एकाच जागी पडतं आणि "क" आखूड राहतो, पेठकरींनी सांगितलेला "कार" होत न्हाई. चौथा चरण: एक-दोन "ठे", तीनवर "वो", चारवर "नि", पाच-सहा "या". इथं टाळकऱ्यांना श्वास मिळतो.

पुढच्या ओव्यांत अक्षरं वाढतात, तिथं बिचकू नका. "तळपती श्रवणी" सात अक्षरं: "तळ" एका मात्रेत, मग प, ती, श्र, व, णी. "कंठी कौस्तुभमणी"ही सात: एकवर "कं", दोन-तीन "ठी", चारवर "कौ", पाचवर "स्तुभ", सहावर "मणी". "तुळसीहार गळा": एकवर "तुळ", दोनवर "सी", तीनवर "हार", चारवर "ग", पाच-सहा "ळा". जोडून घ्यायची अक्षरं नेहमी एकाच शब्दातली असावीत. दोन शब्दांची टोकं जोडली की तिसराच शब्द ऐकू येतो.

लय: सुरुवातीला मिनिटाला 80 च्या आसपास, शेवटी 120 पर्यंत. बसवतानाच मूळ गाण्याच्या घाईत बसवलं तर चढवायला जागाच उरत न्हाई.

कर्ण्यामागचा

आवाजाच्या बाजूनं थोडं.

देवळाच्या दगडी मंडपात आवाज घुमतो. तिथं वीस टाळ एकदम वाजले तर शब्द संपला. टाळाला माइक कधीच देऊ नका, तो सगळ्यांच्या माइकमधून येतोच. मुख्य गायकाला एक, झीलकऱ्यांना मिळून एक, पेटीच्या मागच्या बाजूला एक, मृदंगाला शाईच्या बाजूनं वीतभर अंतरावर एक, एवढे पुरतात. कडवं चालू असताना निम्म्या टाळकऱ्यांनी टाळ दाबून वाजवावेत, ध्रुवपदाला सगळ्यांनी खुले. भोंगा असेल तर त्यातून ढोबळ मानानं 300 हर्ट्झखालचा आवाज येत नाही, म्हणजे अण्णांची धूम लोकांपर्यंत पोचतच नाही. तिथं धुमेसाठी आवाज वाढवत बसू नका, फक्त शिट्टी वाजेल. उभे पेटीस्पीकर घ्या.

दिंडीचं गणित मात्र वेगळं आहे आणि गाजलेल्या चाली बहुधा तिथंच मार खातात. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. पुढचा टाळकरी आणि मागचा टाळकरी यांच्यात 34 मीटर अंतर असेल तर पुढचा ठोका मागच्याला सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. लय मिनिटाला 150 असेल तर एक ठोका 0.4 सेकंदांचा. म्हणजे मागचे लोक पाव ठोका मागं. सिनेमाच्या चालीत अर्ध्या मात्रेवरून उठणाऱ्या जागा असतात. मधोमध चालणाऱ्याला पुढच्यांची उठण आणि मागच्यांची उठण वेगवेगळी ऐकू येते, आणि ओळ चिरफाळते. वारकरी चाली ओळीच्या शेवटी लांब स्वरावर थांबतात, त्या थांबण्यात मागचे पुढच्यांना गाठतात. ती रचना चालण्यासाठीच घडलेली आहे. कोल्हापूरहून नंदवाळला जाणाऱ्या आषाढीच्या दिंडीत, पुईखडीच्या चढाला लोक दमून आणखी पांगतात, तेव्हा हे जास्तच जाणवतं. मृदंग मध्यावर ठेवला तर फरक निम्म्यावर येतो. तरीही रस्त्यावर पारंपरिक चालच घ्यावी, बसवलेली नवी चाल देवळात पोचल्यावर.

डॉल्बीवर भक्तिगीत लावण्याबद्दल विचारणा होईल म्हणून आधीच लिहितो. त्यात गाणारं कुणी नसतं, त्यामुळं या धाग्याचा तो विषयच नाही.

जागर रात्रभर चालतो, ध्वनिक्षेपक मात्र 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ रात्री 12 पर्यंत वाढवू शकतं. कुठले दिवस ते आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि ज्या चालींना माइक लागतो त्या आधी उरका. पुढं नुसत्या गळ्यावर जागर करा.

पायरीवरून

एक शंका. अशी चाल घेऊन केलेलं भजन यूट्यूबवर टाकलं तर हक्काचा दावा येतो म्हणतात. देवळात गायलं तर चालतं आणि टाकलं तर नाही, असं का?

चाल मूळची

दोन्हीला कायदा वेगळा लागू होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीतकृती सादर करायला सूट आहे. ती सूट त्या सादरीकरणापुरती. त्याची ध्वनिफीत करून जगासमोर ठेवणं त्यात येत नाही. अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यांवर कुणाचा हक्क नाही. चाल संगीतकाराची, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षित असते. शब्द बदलले म्हणून चाल मोकळी होत नाही. यूट्यूबची यंत्रणा सुरावट ओळखते, म्हणून दावा येतो. टाकायचंच असेल तर परंपरागत चालीचं टाका, नाहीतर हक्कधारकाची परवानगी घ्या. आणि कायद्यानं मागितलं नसलं तरी सादर करतानाही संगीतकाराचं नाव सांगावं. जुन्या पुस्तकांत "चाल:" छापायचे, तसंच हे. ज्यानं सुरावट घडवली त्याचं नाव देवासमोर घेतलं तर त्यात कमीपणा कसला?

गाथेचं पान

नाव सांगण्याला माझा पाठिंबा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एकदा सांगा, प्रत्येक अभंगाआधी नको, नाहीतर भजनाचा वाद्यवृंद होतो.

क्रमाबद्दलही सांगतो. बसवलेल्या चाली मध्यावर घ्याव्यात. सुरुवात "जय जय रामकृष्णहरी" आणि "रूप पाहता लोचनी" परंपरेच्या चालीतच. शेवटची भैरवी, पसायदान, आरती यांनाही हात लावू नये. मध्ये दोन, फार तर तीन. ऐकणाऱ्याचं मन आधी बसलेलं असतं, मग नवी चाल त्याला बाहेर ओढत नाही. माझा चालीच्या मुळावरचा आक्षेप कायम आहे, पण एवढं पाळलं तर मी झील धरायला बसेन.

पेठकरी

माउली, बसा. शेवटची विनंती अण्णांना. ताईंनी नाथांच्या जोगव्याचं नाव घेतलंय. तो 6-6-6-4 मध्ये बसत नाही, आणि नवरात्रात नव्या चालीवर सगळ्यांत जास्त मोडतोड त्याचीच होते. केरव्यात मांडून द्या.

धुमेवरचा हात

त्याच्या ओळीत तेरा अक्षरं. पहिलीत 6 आणि 7, दुसरीत 7 आणि 6. ओळीला केरव्याची दोन आवर्तनं.

पहिलं आवर्तन: एकवर "अ", दोनवर "ना", तीन-चार "दि", पाचवर "निर्", सहावर "गु", सातवर "ण", आठवी मोकळी. "ण" ओढू नका, "निर्गुणा" होतं. दुसरं: प्र, ग, ट, ली एकेका मात्रेवर, पाचवर "भ", सहावर "वा", सात-आठ "नी".

दुसरी ओळ: एक-दोन-तीन "मो", चारवर "ह", पाचवर "म", सहावर "हि", सातवर "षा", आठवर "सुर" जोडून. मग एकवर "मर्", दोनवर "द", तीन-चार "ना", पाचवर "ला", सहावर "गु", सात-आठ "नी".

समेवर अनादि, प्रगटली, मोह, मर्दना. खालीवर निर्गुण, भवानी, महिषासुर. "मर्दना"च्या समेला धूम पूर्ण भरून द्या, आणि मोकळ्या सोडलेल्या आठव्या मात्रेत संबळवाल्याला एकच ठोका घेऊ द्या. ही मांडणी समेवरून उठणाऱ्या चालीलाच लागू पडेल. चाल निवडताना पहिला ठोका कुठं पडतो ते हातावर टाळी देऊन बघा, मग पेटी उघडा.